कंबरेची दुसरी गाठ

उत्तरा पेंडसेला मुंग्यांतलं जेवढं कळतं तेवढं दिल्लीत फार थोड्या लोकांना कळत असेल, आणि ही गोष्ट तिला स्वतःलाही चांगली ठाऊक होती. लग्न होऊन ती साताऱ्याहून दिल्लीला आली तेव्हा नवऱ्याची, सुजयची, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरी होती. हिच्याकडे प्राणिशास्त्राची पदवी होती आणि चारचौघांत सांगायला संकोच वाटावा असा एक नाद होता. भिंतीच्या कडेला उकिडवं बसायचं आणि मुंग्या बघत राहायचं. त्या नादाची पुढे पीएचडी झाली आणि पीएचडीच्या जोरावर उत्तर दिल्लीतल्या एका जुन्या सरकारी संशोधन संस्थेत नोकरी लागली. रिजच्या, म्हणजे तिथल्या जुन्या टेकडीच्या, झाडीला लागून संस्थेची दगडी इमारत आहे. दिल्लीच्याच दुसऱ्या टोकाच्या द्वारकेहून मेट्रोनं यायचं, राजीव चौकला गाडी बदलायची, पुढे ई-रिक्षात बसून हिंदूरावचा चढ चढायचा, असा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम झाला होता.

नोकरीत तिचं नाव होतं, पण जसं तिला हवं होतं तसं नव्हतं. गढवालच्या जंगलातून तिनं मुंग्यांच्या दोन नव्या जाती शोधल्या होत्या. त्यातली एक पुढे एका परदेशी संशोधकानं रद्द ठरवली. हिची जात नवी नसून इंग्रजांच्या काळात कुणीतरी नोंदवलेलीच आहे, असं त्यानं दाखवून दिलं आणि उत्तरालाही ते मान्य करावं लागलं. उरलेली एक तेवढी तिच्या नावावर राहिली. लोक शंका विचारायला तिच्याकडेच यायचे. ती उत्तर द्यायची, आणि ते आपापल्या लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात तिचे आभार मानायचे. आभाराच्या परिच्छेदांत राहून राहून ती पन्नाशीला आली होती.

अशात संस्थेकडे गुजरातच्या लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, खाणींतून अंबराचे खडे यायला लागले. अंबर म्हणजे झाडाची राळच, फक्त पाच कोटी वर्षं जमिनीत मुरलेली. जुनी माणसं तिला तृणमणी म्हणतात. ओल्या राळेत कधी एखादा किडा अडकतो, राळ वाळते, झाड जातं, जंगल जातं, आणि किडा मात्र पायावरच्या केसांसकट तसाच राहतो. त्या खड्यांतल्या मुंग्या ओळखायच्या, कुठली कुठल्या जातीची, जगातून कधीच नाहीशी झालेली कुठली, आजच्या मुंग्यांशी कुणाचं नातं लागतं, हे सगळं लावायचं काम उत्तराकडे आलं. खडे घासून पारदर्शक करण्यातही तिचा हात बसला. पाण्यात भिजवलेल्या बारीक कागदावर बोटानं खडा फिरवत ती मुंगीच्या इतक्या जवळ जायची की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. एकही खडा तिनं वाया घालवला नव्हता.

मयुरा ठोंबरे तिच्याकडे आली ती विभागप्रमुख डॉ. भल्लांच्या सांगण्यावरून. मुलगी बुलढाण्याकडची, मेहकरची. मुळात दिल्लीत आली होती कलेक्टर व्हायला. मुखर्जीनगरच्या एका खोलीत राहून दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा मुख्य परीक्षेत अडली, आणि मग घरच्यांशी भांडून पुन्हा प्राणिशास्त्राकडे वळली. आता संस्थेत तिला फेलोशिप मिळाली होती. उत्तरानं तिला मायक्रोस्कोप शिकवला, मुंगीचा जबडा कसा वाचायचा, मिशांचे सांधे कसे मोजायचे ते शिकवलं. मेसमधला राजमा खाऊन पोरगी वैतागलेली दिसली तेव्हा उत्तरा म्हणाली, "रविवारी आमच्याकडे येत जा. आमटी-भात तरी पोटात जाईल."

तेव्हापासून मयुराचा रविवार द्वारकेत ठरून गेला. उत्तराचा मुलगा शिकायला बाहेर होता, त्यामुळे सुजयलाही घरात बोलायला कुणीतरी मिळालं. उत्तराला तेव्हा तिचं कौतुकच होतं. आपण घडवलेली मुलगी म्हणून ती मयुराची ओळख करून द्यायची.

जानेवारीतल्या एका धुकट सकाळी उत्तरा टेबलाशी शाल गुंडाळून बसली होती. मयुरानं हाक मारली.

"ताई, जरा येता का?"

"काय गं?"

"तुम्हीच बघा. मी आधी काही बोलत नाही."

उत्तरानं मायक्रोस्कोपला डोळा लावला. काचेच्या वाटीत घट्ट साखरेच्या पाकात खडा बुडवलेला होता. पाकात अंबराचे ओरखडे दिसेनासे होतात आणि आतलं स्वच्छ दिसतं. आत एक कामकरी मुंगी होती. जबडे विळ्यासारखे लांब आणि आतल्या कडेला फणीसारखे दात. असे जबडे उत्तरानं आजवर ना जिवंत मुंगीत पाहिले होते, ना मेलेल्या. आणि मागे, दुधाळ पडद्याआड, कंबरेवर एकाऐवजी दोन गाठी असाव्यात असं वाटत होतं. मुंग्यांच्या वर्गीकरणात कंबर फार महत्त्वाची. एक गाठ की दोन, यावरून मुंगीचं अख्खं घराणं बदलतं. असे जबडे आणि दोन गाठी एकत्र असतील तर ही नुसती नवी जात नव्हती, तो एक पूर्ण नवा वंश होता.

पहिल्या क्षणी उत्तराला निखळ आनंद झाला.

"हा खडा कुठला?" तिनं विचारलं.

"तुमच्या नापास डब्यातला, ताई."

फार गढूळ, फार तडकलेले खडे उत्तरा एका प्लास्टिकच्या डब्यात टाकून द्यायची. हा खडा तिनंच हातात धरला असणार, दिव्यासमोर फिरवला असणार आणि डब्यात टाकला असणार. तिला तो आठवतसुद्धा नव्हता.

"छान," ती म्हणाली. "फोटो काढून ठेव." आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली. शाल खांद्यावरून खाली घसरली होती, ती तशीच राहिली.

पुढचे काही आठवडे उत्तराला फार जड गेले. भल्लासाहेब मयुराच्या टेबलाशी येऊन उभे राहायला लागले. ज्या विद्यार्थ्यांनी इतकी वर्षं उत्तराला शंका विचारल्या ते आता "मयुरा, वो वाली दिखा ना यार" म्हणत जमायचे. घरी तीच तऱ्हा. रविवारी जेवताना सुजय म्हणायचा, "मयुरा, ते पाकाचं पुन्हा सांग. पाक तुला सुचला कसा?"

"मला कुठला सुचतोय, सर! पद्धत ताईंनीच शिकवली. मी फक्त डबा घेऊन बसले."

ती खरं तेच सांगायची. सुजय मात्र त्यातून वेगळंच काढायचा. "बघ, याला म्हणतात चिकाटी. टाकलेल्या डब्यात हात घालायचा!"

उत्तरा वाढायला उठायची. स्वयंपाकघरात पळीनं आमटी ढवळताना तिला बाहेरचं हसणं ऐकू यायचं आणि वाटायचं, ही मुलगी माझ्या घरात माझ्या हातचं जेवते, माझीच पद्धत वापरते, आणि माझ्याच डब्यातून माझं आयुष्यभराचं काम उचलून नेते. तिनं ते मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण तिनं मागितलंच नाही, ते तिला मिळालं. याचा तिला जास्त राग यायचा.

पाडव्याला द्वारकेतल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम असतो. मंडळाच्या अध्यक्ष नीलाताईंच्या कानावर सुजयमुळे ही बातमी गेलीच होती. त्यांनी फोन केला. "उत्तरा, आपल्या मराठी मुलीनं एवढं केलंय, सत्कार करू या. आणि ओळख तूच करून दे. तुझ्याइतकं तिला कोण ओळखतं?"

नाही म्हणायला कारण नव्हतं. उत्तरा जांभळी पैठणी नेसून माइकसमोर उभी राहिली. "मयुरा आमच्याकडे शिकायला आली तेव्हा," अशी तिनं सुरुवात केली, आणि पाच मिनिटांत 'आमच्याकडे' आणि 'माझ्या हाताखाली' इतक्यांदा आलं की पहिल्या रांगेत बसलेल्या सुजयनं मान खाली घातली. मुंगी अजून पक्की झालेली नाही, शास्त्रात घाई चालत नाही, हेही तिनं बजावून सांगितलं. मग मयुरा स्टेजवर आली आणि शाल-श्रीफळ घेण्याआधी वाकून तिनं उत्तराच्या पायांना हात लावला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. काय गुणी पोरगी आहे, असं मागच्या ओळीतलं कुणीतरी म्हणालं. टाळ्या नमस्कार करणारीसाठी होत्या. जिच्या पायांना हात लागला ती नुसती उभी होती.

एप्रिलमध्ये मयुराच्या लेखाचा मसुदा तयार झाला आणि भल्लांनी बैठक बोलावली. पडद्यावर मुंगीची भली मोठी प्रतिमा होती.

"उत्तरा जी, आपकी राय सबसे ज़रूरी है," भल्ला म्हणाले.

उत्तरानं आदल्या दिवशी खडा पुन्हा पाहिला होता. पडद्याआडची दुसरी गाठ तिला फार गोल वाटली होती. अंबरात बुडबुडे असतात. कंबरेला चिकटलेला हवेचा बुडबुडा गाठीसारखा दिसू शकतो. अशी चूक पूर्वीही लोकांनी केलेली आहे. ती उठून पडद्याजवळ गेली आणि त्या जागेवर तिनं बोट ठेवलं.

"ये दूसरी गाँठ नहीं है. मुझे बबल लगता है."

 मयुराचा चेहरा उतरला, पण ती इतकंच म्हणाली, "मॅडम, याच्या कडेला नुसती फिकट सावली आहे. बुडबुड्याची कड ठळक काळी दिसते ना?"

"दुधाळ थरात काहीही दिसतं," उत्तरा म्हणाली.

भल्लांनी चष्मा काढला. "तो पॉलिश करके देख लें? आपसे अच्छा हाथ किसका है?"

एका दुपारचं काम होतं. दुधाळ बाजू थोडी घासली की गाठ की बुडबुडा, याचा निकाल लागला असता. उत्तराला ते माहीत होतं. तिच्या तोंडून मात्र निघालं, "खड्याला तडा आहे. घासताना उडाला तर मुंगीच जाईल. मैं ज़िम्मेदारी नहीं लूँगी. स्कॅन करवा लीजिए."

तडा होता, यात खोटं काही नव्हतं. पण त्याहून वाईट तडे गेलेले खडे तिनं गाणं गुणगुणत घासले होते. आणि गुरुग्रामच्या ज्या खासगी प्रयोगशाळेत क्ष-किरणांचं ते बारीक स्कॅन होतं तिथली रांग पावसाळ्याच्या पलीकडे जाते, हेही तिला माहीत होतं.

लेख थांबला. बैठकीनंतर जिन्यात दोन विद्यार्थी कुजबुजत होते, ती येताना दिसताच गप्प झाले. त्यांनी काय म्हटलं असेल ते तिला न ऐकता कळलं. तिला संताप आला. शंका खरी असेल तरी हे लोक त्याला जळकुटेपणाच म्हणणार!

त्या संध्याकाळी चहा घेताना सुजय म्हणाला, "मयुराचा फोन आला होता. रडवेली झाली होती. तू घासून का नाही देत?"

"तडा आहे."

"तू एवढ्या वर्षांत एक खडा फोडलेला नाहीस."

"मग आता फोडून सुरुवात करू?"

सुजयनं कप बशीत ठेवला. "उत्तरा, रागावू नकोस. ती तुला खुपते का?"

"मला शास्त्रातली चूक खुपते," ती म्हणाली आणि गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे ओढून काढायला लागली. चिमटे खाली पडत राहिले.

पण त्या प्रश्नानं तिची पाठ सोडली नाही. मयुरा जेवायला गेली की उत्तरा तो खडा काढून बघायची. एखाद्या दिवशी तिला स्पष्ट बुडबुडा दिसायचा, एखाद्या दिवशी तितकीच स्पष्ट गाठ. काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं की ज्या दिवशी मयुराबद्दल कुणी चांगलं बोललेलं असायचं त्या दिवशी बुडबुडा जास्तच गोल दिसायचा. हे लक्षात आलं तेव्हा ती घाबरली. वीस-बावीस वर्षं ती ज्या डोळ्यांवर विसंबून होती ते आता तिच्या मनासारखं दाखवायला लागले होते. आपल्याला काय दिसतंय आणि आपल्याला काय दिसायला हवंय, हे तिला वेगळं करता येईना. तिनं डोळ्यांचा नंबर तपासून घेतला. नंबर बदललेला नव्हता.

जुलैत मयुराची पुण्याला एका पक्क्या नोकरीसाठी मुलाखत झाली. परत आल्यावर त्या रविवारी ती जेवायला आली. भेंडीची भाजी पोळीबरोबर खाताना तिनं सहज सांगावं तसं सांगितलं, "नाही झालं, ताई. त्यांनी विचारलं, छापून काय आलंय? म्हटलं, येणार आहे. ते म्हणाले, आलं की या."

सुजयनं उत्तराकडे पाहिलं. उत्तरानं मयुराच्या पानात आणखी एक पोळी वाढली. तिला आतून हलकं वाटलं होतं. ते हलकं वाटणं इतकं उघड होतं की तिला स्वतःपासून तोंड लपवावंसं वाटलं. ती मुलगी समोर बसून तिची पोळी खात होती, फेलोशिप डिसेंबरात संपत होती, आणि हिला बरं वाटत होतं.

त्यानंतर मयुरानं तिला पुन्हा विचारलं नाही. ती स्वतः घासायला शिकायला लागली. नापास डब्यातले उरलेसुरले तुकडे घेऊन खिडकीशी बसायची आणि पाण्याच्या वाटीत बोटं बुडवून कागदावर खडा फिरवायची. उत्तराचं टेबल तिच्याकडे पाठ करून होतं, पण कान उघडे होते. कागदाच्या आवाजावरून तिला कळायचं की पोरगी जोर फार लावते, पाणी कमी घेते, एकाच दिशेनं घासते. मधूनच टक् असा बारीक आवाज यायचा आणि मयुरा 'अरे यार' म्हणायची. म्हणजे खडा गेला. उत्तरा मान वर करायची नाही. एक वाक्य पुरलं असतं: गोल फिरव, ओढू नकोस. ते वाक्य तिच्या ओठांवर येऊन परत जायचं. मयुराच्या बोटांची सालं निघाली होती, तिनं त्यावर पट्ट्या लावल्या होत्या.

ऑगस्टमधली एक दुपार. बाहेर घामट उकाडा होता, कूलर नुसताच घरघरत होता. उत्तरानं पाणी प्यायला मान वळवली आणि तिला दिसलं की मयुरानं कपाट उघडून तो खडा काढलाय. तोच. तो पट्टी लावलेल्या बोटांत धरलाय आणि कोरड्या कागदावर टेकवतेय.

"थांब!"

उत्तराचा आवाज इतका मोठा आला की मयुराच्या हातून वाटी कलंडली.

"ताई, मी थांबू शकत नाही आता. स्कॅनवाले म्हणतात अजून दोन महिने. मी काळजीपूर्वक—"

"तू तिला मारशील. दे इकडे."

पाच कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या मुंगीबद्दल आपण असं बोललो, हे उत्तराच्या ध्यानातही आलं नाही. मयुरानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. द्यावा की देऊ नये, हा विचार तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता, आणि तो दिसला हे उत्तराला फार लागलं. मग तिनं खडा उत्तराच्या तळहातावर ठेवला.

उत्तरानं आधी तड्याच्या बाजूनं पातळ रेझिन, डिंकासारखं चिकटणारं, भरलं आणि ते वाळेपर्यंत दोघींनी टेबलावर सांडलेलं पाणी पुसून घेतलं. मग तिनं स्वच्छ पाणी घेतलं, सगळ्यांत बारीक कागद घेतला आणि खडा फिरवायला लागली. गोल, हलकं, बोटाच्या पेरानं. पाणी पिवळसर झालं. घासताना खडा थोडी ऊब धरतो आणि त्यातून राळेचा वास सुटतो, देवघरात धूप घातल्यासारखा. थोडं घासायचं, धुवायचं, भिंगाखाली बघायचं. दुधाळ थर पातळ होत गेला.

आता ती इतक्या जवळ आली होती की आणखी चार फेरे एका कडेला जास्त फिरले असते तर कंबरेचा तो भागच निघून गेला असता. कुणालाही काही सिद्ध करता आलं नसतं. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं की असं होऊ शकतं. हे तिच्या मनात आलं. आलंच नाही असं नाही. बोट कागदावर टेकलेलं होतं, मयुरा शेजारी उभी होती, आणि उत्तराला आपल्या हाताचा भरवसा वाटेना. तिनं खडा उचलला, हात पुसले, पंख्याखाली जाऊन उभी राहिली आणि परत आली. मग चामड्याच्या तुकड्यावर शेवटचा हात फिरवून तिनं खडा पाकात ठेवला आणि डोळा लावला.

गाठ होती. पहिल्या गाठीमागे दुसरी, किंचित रुंद, मागच्या बाजूला उतरती. आणि तिच्यावर उभे, ताठ, बारीक केस, ओळीनं.

जगात हे पाहणारी त्या क्षणी ती एकटीच होती. तिला ते थोडा वेळ स्वतःपुरतंच ठेवावंसं वाटलं. तिनं ठेवलंही. मयुरानं दोनदा पाय बदलले.

"दोन आहेत," शेवटी उत्तरा म्हणाली आणि खुर्ची सोडली. "बुडबुड्याला केस नसतात. बघ."

मयुरानं बघितलं आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. भल्लांना बोलावलं, सगळे जमले, कुणीतरी समोसे आणले. गर्दी पांगल्यावर दोघी इमारतीच्या मागच्या पायऱ्यांवर चहा घेऊन बसल्या. रिजच्या झाडांवर माकडांची खेचाखेची चालली होती.

"ताई," मयुरा म्हणाली, "एप्रिलमध्ये घासला असता तर?"

"तेव्हाही हेच दिसलं असतं."

"तड्याचं?"

"तडा काही एवढा मोठा नाही."

"मग?"

उत्तरानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "मला ती गाठ नको होती."

 मयुराचा आवाज आला, बारीक, चिडलेला. "मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकलं. पाडव्यापासून मी आठवतेय, ताईंना मी काय बोलले, कुठे उलटून बोलले. आईला फोन करून विचारलं मी, एखाद्या मोठ्या माणसाला आपण न कळत दुखवलं तर काय करावं." ती उठली. "पुण्याचं सोडा. पण हे महिने मी स्वतःला शिव्या देत होते."

ती आत निघून गेली. उत्तरानं दोन्ही ग्लास उचलले. 

पुढचा रविवार आला, पण मयुरा आली नाही. त्याच्या पुढचाही गेला. सुजयनं एकदाच विचारलं आणि उत्तरानं त्याला सगळं सांगितलं, काही न वगळता. तो म्हणाला, "बरं केलंस तिला खरं सांगितलंस." मग जरा थांबून म्हणाला, "पण उशीर केलास." तिनं मान डोलावली.

लेख पुन्हा उभा राहिला. मसुद्यावर मयुरानं दुसरं नाव उत्तराचं घातलं होतं. उत्तरा तिच्या टेबलाशी गेली.

"माझं नाव काढ."

"का?" मयुरानं मान वर न करता विचारलं. "खडा तुम्ही घासला. गाठ पहिल्यांदा तुम्ही पाहिली. ते खरं आहे, मग छापायला नको?"

"आणि बाकीचं?"

"बाकीचं लेखात कुठे मावतं, मॅडम?"

मॅडम. बाहेरच्या लोकांसमोर नेहमीच ती मॅडम म्हणायची, पण आज खोलीत दोघीच होत्या.

जातीला नाव काय द्यायचं ते लेखाच्या प्रतीत शेवटपर्यंत कोरं ठेवलेलं होतं. खरं सांगायचं तर काही दिवस उत्तराच्या मनात एक वेडी आशा होती. शिष्य गुरूंचं नाव जातीला देतात, अशी रीत आहे. हे होणार नाही आणि आपला त्यावर हक्कही नाही, हे तिला कळत होतं. तरी दर वेळी नवी प्रत आली की ती आधी ते पान उघडायची. अखेरीस नाव आलं. मयुरानं ते आपल्या आईच्या नावावरून दिलं होतं, पार्वतीवरून. मेहकरच्या त्या बाईंनी मुलीला परीक्षा सोडू दिली होती, नवऱ्याशी भांडून. दिल्ली त्यांनी कधी पाहिली नव्हती, अंबर तर नाहीच. ते पान वाचताना उत्तराला त्या न पाहिलेल्या बाईचाही हेवा वाटला. आपल्याला याचंही वाटावं, म्हणून तिला हसू आलं, आणि हसता हसता तिनं वर्णनातली एक चूक पेन्सिलीनं दुरुस्त केली. मिशीच्या तिसऱ्या सांध्याची लांबी आणि रुंदी मयुरानं उलटी लिहिली होती.

लेख छापून आला तेव्हा दिल्लीत धुरकट हवा भरली होती आणि सगळे मास्क लावून हिंडत होते. लेखाच्या जोरावर मयुराला बंगळुरूला नोकरी मिळाली. पुण्यापेक्षा चांगली, असं भल्ला म्हणाले. तसं म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. जाण्याच्या आदल्या दिवशी ती द्वारकेला आली, जेवली नाही, पण अर्धा तास बसली. सुजयशी हसून बोलली. निघताना तिनं दोघांना वाकून नमस्कार केला. उत्तरानं तिच्या हातात लाडवांचा डबा दिला.

"डबा परत पाठवायची गरज नाही," उत्तरा म्हणाली.

"पाठवेन ना, ताई," मयुरा म्हणाली.

ती ताई म्हणाली, एवढं सुजयनंही ऐकलं. पण त्याचा अर्थ काय घ्यायचा ते दोघांनाही नीट कळलं नाही.

नंतर उत्तराच्या टेबलाशी एक नवा विद्यार्थी बसायला लागला. उत्तरा त्याला पहिल्या दिवसापासून घासायला शिकवते, आपलं काम बाजूला ठेवून. तो चांगलं करतो तेव्हा तिच्या पोटात अजूनही थोडं दुखतं. आता ती ते ओळखते. दुखायला लागलं की त्या दिवशी ती त्याच्या कामावर मत देत नाही. "उद्या सांगते," म्हणते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघते.

मार्चमध्ये एका दुपारी फोन वाजला. बंगळुरूचा नंबर होता.

"ताई, बोलू का? एक खडा आलाय. डाव्या अंगाला आरपार तडा आहे. आणि आत दोन मुंग्या आहेत, एकमेकींचे जबडे धरून. भांडताना अडकल्यात. असं कुणी कधी पाहिलंय का हो?"

उत्तरानं डोळे मिटले. तिनं असं कधीच पाहिलं नव्हतं. पोटात कळ आली, ओळखीची, जुनी, जशीच्या तशी. ती कळ जाण्याची तिनं वाट पाहिली नाही.

"रेझिन आहे का तिथे?" तिनं विचारलं. "पातळवालं घे. तडा आधी भर, वाळेपर्यंत हात लावू नकोस. मग उजव्या अंगानं सुरुवात कर. जोर लावायचा नाही, बोट नुसतं टेकवायचं. आणि तू ओढतेस खडा. ओढायचा नसतो. गोल फिरवायचा. गेल्या वर्षीच सांगायला हवं होतं मी तुला."

पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला.

"थांबा, ताई," मयुरा म्हणाली. "लिहून घेते."